चौदा हजारांचे चार पाय

बेळगावच्या वडगावातलं घर, भिंतीला लागून शेजाऱ्याचे दोन कापडाचे माग. तिथे रेकॉर्ड प्लेअरखाली घालायला चार पाय विकले गेले: अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत वाटी, आत काळं 'जेल', किंमत १४,००० रुपये. कसलाही हादरा सुईपर्यंत जाणार नाही, मागाचाही नाही, असं सांगून. विकणारा परगावचा, घरी येऊन ऐकवून गेला. प्लेअर किती किलोचा हे त्याने विचारलं नाही. गिऱ्हाइकाने विषय काढला तर म्हणे, "वजन बघायचं नसतंय ओ, मटेरियल बघायचं." गंडवलं ते इथेच.

रबर घ्या, जेल घ्या नाहीतर स्प्रिंग, वरच्या वजनाने पाय दबतो म्हणूनच हादरा अडतो. किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. आली ती पायाची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. तिच्या १.४ पटीच्या वरचे हादरे अडायला लागतात, बरेच खालचे जसेच्या तसे वर जातात, आणि त्या संख्येच्या आसपासचे तर वाढतात. रबराचा प्रत्यक्ष आकडा या हिशेबापेक्षा थोडा जास्तच भरतो.

प्लेअर होता ६ किलोचा, म्हणजे एका पायावर सरासरी दीड किलो. व्हर्नियरवर (बारीक जाडी मोजायच्या मापावर) मोकळा पाय ३२.० मिमी, प्लेअर ठेवल्यावर ३१.९. दबला फक्त ०.१ मिमी. हिशेबाने ५० हर्ट्झ, अडवणूक ७० च्या पुढे. पहिल्या दिवशी "बास (खालचे, घुमणारे सूर) भरीव झाला" असं वाटलं, त्याचं कारणही हेच. ५० हर्ट्झ म्हणजे ऐन बासची जागा, आणि तिथे हे पाय हादरा वाढवत होते. एक पाय उभा चिरला तर आत जेल-बिल काही नाही, कडक काळं रबर. उद्यमबागेतल्या कारखान्यांत मशिनांखाली घालतात तसलं. मशिनीखाली ते चोख काम करतं, वर शेकडो किलो असतात. दीड किलोला ते दगडच.

मागाचं म्हणाल तर मूळ ठोका मिनिटाला शंभर-सव्वाशे, म्हणजे २ हर्ट्झच्या आसपास. तो नुसता अडायला सुरुवात व्हायची तरी पाय सव्वाशे मिलिमीटर दबावा लागेल. असा पाय प्लेअरखाली उभा तरी राहील का?

ऐकवण्यातही हातचलाखी असते. पाय घातल्यावर आवाज किंचित वाढवतात, एक डेसिबलभर. कानाला तो 'मोठा' लागत नाही, 'स्वच्छ' लागतो. व्हॉल्यूमच्या बटणावर पेन्सिलीने खूण करा आणि त्याला हात लावू देऊ नका.

खरी परीक्षा दोन मिनिटांची आहे. मोटर बंद, तबकडी थांबलेली, सुई रेकॉर्डवर टेकवलेली. आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीला आणा (एकदम वाढवलात तर घूं करून स्पीकर फाटायचा). कपाटावर बोटाच्या पेराने टकटक करा, स्पीकरमधून धप्प येईल. आता पाय घालून तेवढ्याच जोराने टकटक करा. धप्प तसंच आलं, तर पाय परत.

वजन चारी कोपऱ्यांवर सारखं नसतं. एक कोपरा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आणि बाकीचे तीन तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर ठेवून प्रत्येक कोपरा तोला. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) यांची मिळून स्वतःची कंपनसंख्या ८ ते १२ हर्ट्झमध्ये असते, म्हणून पायाची ४ च्या आसपास हवी. म्हणजे १५-१६ मिमी दबणारी स्प्रिंग. स्वस्तात करायचं तर लहान मुलांच्या सायकलची १२ इंची ट्यूब अर्धवट फुगवा, वर १८ मिमी प्लायवूड, त्यावर प्लेअर. व्हॉल्व्ह फळीच्या बाहेर येईल असा ठेवा, फळी कुठे टेकू देऊ नका आणि पाणसळ लावून बघा. हवा उतरते, अधूनमधून पंप मारावा लागतो. माग किंवा जुन्या माळ्याची लाकडी जमीन असेल तर मात्र पाय-ट्यूब सगळं बाजूला ठेवा आणि मागाला न लागणाऱ्या जाड भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाका.

ट्रान्झिस्टर अँप्लिफायरखाली असले पाय घालून आवाजात फरक पडत नाही. दुसरा संच त्याच्यासाठी गळ्यात मारतात. स्पीकरचे टोकदार खिळे तर हादरा अडवत नाहीत, उलट जमिनीला जोडतात.

बिलावर दोन गोष्टी लिहून घ्या: एका पायावर किती किलो, आणि तेवढ्यावर तो किती मिमी दबेल. दुकान कोल्हापूर-पुण्याचं असलं तरी २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे निपाणीकराला बेळगावात. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. चिरलेला पाय कोणी परत घेत नाही, तेव्हा सुरी लावायच्या आधी काट्याचे आणि व्हर्नियरचे फोटो काढून ठेवा.