रस्त्याचा आवाज आधीच ऐकवणारं सॉफ्टवेअर: काही महिने वापरल्यानंतर

रस्ता बांधायच्या आधीच त्याच्या कडेला उभं राहिल्यावर वाहतूक कशी ऐकू येईल, हे हेडफोनवर ऐकवणारं एक सॉफ्टवेअर मी काही महिने कामासाठी वापरतोय. वाहनांची संख्या, वेग आणि जमिनीचा प्रकार भरायचा, ऐकणाऱ्याला हवं तिथे उभं करायचं.

याचा खरा उपयोग बैठकीत होतो. ‘३ डेसिबल कमी होतील’ असं सांगितलं की सगळे माना डोलावतात. वाहनं निम्मी केली की एवढाच फरक पडतो, पण तो ऐकवला की विचारतात, ‘‘बदललं काय?’’ ध्वनिभिंत घातल्यावर मात्र कुणाला विचारावं लागत नाही. टायरांचा १,००० हर्ट्झच्या आसपासचा सळसळाट झटकन खाली बसतो, ट्रकची घरघर तेवढी भिंतीवरून वळून येतच राहते. सगळ्या कार इलेक्ट्रिक करूनही पाहिल्या. वेगवान रस्त्यावर जेमतेम फरक, कारण तिथे इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतात.

आता तक्रार. डांबरी रस्त्यावरून एकटा ट्रक जाऊ द्या. थेट येणारा आवाज आणि जमिनीवरून उसळून येणारा आवाज काही कंपनसंख्यांवर एकमेकांना मारतात. ट्रक सरकतो तशी ही मारामारीची जागाही सरकते, जवळ येताना खालच्या कंपनसंख्यांकडे, लांब जाताना वरच्या. प्रत्यक्षात वाऱ्याची खळबळ हे सगळं पुसट करते. इथली हवा मात्र काचेसारखी स्थिर, म्हणून ट्रकच्या जागी जेट विमान गेल्यासारखं ‘शूऽऽ’ ऐकू येतं. खळबळ घालायचा पर्याय आहे, पण तो कुणाला सापडू नये अशा बेतानेच सेटिंग्जमध्ये पुरलाय. तो आधी चालू करा, मग बाकीचं.

हेडफोनची पातळी मोजून लावा. ‘कानाला बरं वाटेल एवढं’ ठेवून ऐकलं तर दोन पर्यायांतला फरक कळेल, पण त्रास किती होईल ते कळणार नाही. डोकं वळवल्यावर आवाज जागच्या जागी ठेवणारा सेन्सरही घ्याच. त्याच्याशिवाय समोरची गाडी कधीकधी मागून आल्यासारखी वाटते.

चौक मात्र याला अजिबात जमत नाही. सिग्नल सुटला की सगळ्या गाड्या एका तालात वेग घेतात, गिअर कुणी बदलतच नाही, हॉर्न तर नाहीच. चौकाचं काम आलं की मी अजूनही रेकॉर्डर घेऊन तशाच एखाद्या चौकात जातो.