अपघातानंतरची हृदयशस्त्रक्रिया : पुण्यातील एका ट्रॉमा सेंटरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर माझ्या धाकट्या भावाची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली आणि स्टिअरिंगचा मार थेट छातीवर बसला. बाहेर रक्ताचा थेंबही नव्हता, त्यामुळे 108च्या रुग्णवाहिकेने प्रथम ज्या रुग्णालयात नेले, तेथे मुका मार समजून सलाइन लावून त्याला पाऊण तास नुसते ठेवून घेतले. वरचा रक्तदाब 80वर उतरला आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, तेव्हा कुठे त्याला या ट्रॉमा सेंटरमध्ये हलवण्यात आले.

येथे स्ट्रेचर थांबताच निवासी डॉक्टरांनी छातीच्या मधल्या हाडाखाली सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि हृदयाभोवतीची काळी पट्टी, म्हणजे साचलेले रक्त, मला पडद्यावर बोट ठेवून दाखवली. हृदयावरण, म्हणजे हृदयाभोवतीची पिशवी, एकाएकी ताणले जात नसल्याने त्यात झपाट्याने शंभर-दोनशे मिलिलिटर रक्त साचले, तरी हृदय बाहेरून आवळले जाते आणि त्यात रक्त भरेनासे होते. मी सीटी स्कॅनबद्दल विचारले असता सर्जन "तेवढा वेळ नाही" एवढेच म्हणाले. माझ्या मते भाऊ वाचला तो याच निर्णयामुळे. वीस मिनिटांत तो टेबलावर होता. छातीचे हाड उभे कापून गुठळ्या काढताच रक्तदाब वर आला, आणि उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, पातळ भिंतीला पडलेली सुमारे एक सेंटिमीटरची चीर प्रोलिन या न विरघळणाऱ्या धाग्याच्या टाक्यांनी शिवण्यात आली. हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे हार्ट-लंग मशीन सज्ज होते, पण लागले नाही. हे सारे सर्जननी दुसऱ्या दिवशी केसपेपरच्या मागे पेनाने आकृती काढून समजावले. हृदयाला टाका घालता येतो, हे फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी 1896 मध्येच दाखवून दिले होते. अडते ते रुग्ण वेळेत पोहोचण्यावर.

तक्रारी आहेत. शस्त्रक्रियेच्या तीन तासांत बाहेर येऊन कोणी चकार शब्द सांगितला नाही. रात्रपाळीच्या बिलिंग खिडकीवरील गृहस्थांना रस्ते अपघातग्रस्तांसाठीच्या केंद्र सरकारच्या कॅशलेस योजनेची, म्हणजे सात दिवसांपर्यंतच्या दीड लाख रुपयांच्या उपचारांची, गंधवार्ता नव्हती. सकाळी समाजसेवा अधीक्षक आल्यावरच कागद हलले.

भाऊ अकराव्या दिवशी घरी आला. महिन्याने फेरतपासणीच्या इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) सेंटरने आपणहून फोन केला. मात्र त्या ओपीडीचे टोकन हवे असेल, तर सकाळी आठपूर्वी रांगेत उभे राहावे लागते.