मोहोळच्या पुढे किलोवर मटण

पुण्याहून तुळजापूर-अक्कलकोटला जाताना जेवणाची वेळ साधारण सोलापूरच्या अलीकडेच होते. हायवेवरचे फूड मॉल टाळून टेंभुर्णी, मोहोळ असल्या गावांत शिरायचं आणि जे मिळेल ते खायचं, ही आमची जुनी खोड. त्यात आजवर चांगलंच पदरात पडलंय. एसटी स्टँडामागच्या खानावळीतली पापडासारखी कडक भाकरी, वर कच्चं तेल सोडलेली शेंगा चटणी, खडूने फळीवर लिहिलेला थाळीचा दर आणि जेवताना 'अजून आमटी घ्या की' म्हणून मागे लागणारी मालकीण. तेव्हा हा सोलापूर भागाला दोष नाही. एका हॉटेलात जे झालं तेवढंच सांगतो, कारण ती पद्धत दुसरीकडे कुठेही चालू शकते.

मोहोळ सोडल्यावर हायवेलगत मोठी पाटी दिसली. चुलीचं चित्र, 'खास सोलापुरी सावजी', खाली ठळक अक्षरात 'मटण थाळी २५०'. सावजी मटण नागपूरइतकंच सोलापूरचंही आहे, त्यामुळे ती पाटी वाचून कुणीही ब्रेक दाबेल. आम्ही सहा जण होतो. बसल्यावर पोऱ्या म्हणाला, थाळी आत्ताच संपली, किलोवर घ्या, किलोभरात सहा जण आरामात जेवतात. दर विचारला तर 'नऊशे रुपये किलो'. बाजारात कच्च्या मटणाचा दर काय आहे ते माहीत असल्यामुळे हा आकडा वाजवीच वाटला. मेनूकार्ड मागितलं, ते 'छपाईला गेलंय'.

मटण आलं. मोठी हंडी, वर तर्रीचा बोटभर थर, धुरकट वास. चव वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. पण आमच्या आत्याने आयुष्यभर लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक केलाय. तिने पळीने हंडी ढवळली आणि वाढता वाढता मोजत गेली. अकरा फोडी, त्यातल्या दोन नुसती नळी.

"मालक, किलोला कमीत कमी वीस फोडी पडतात. ह्यात किलो कुठाय?"

"वजन कच्च्याचं असतंय आत्या."

"मग कच्चं दाखवायचं होतं."

"जेवा की निवांत. बिलाचं बघू मागनं."

बिल वहीतल्या फाडलेल्या कागदावर आलं. मटण ९००. त्याखाली करणावळ ४००. मसाला आणि तेल २५०. जादा रस्सा म्हणून सहा वाट्यांचे १८०, जो कुणी मागितलाच नव्हता, आपोआप आला होता. चौदा भाकरींचे ४९०, दोन भातांचे २४०, कांदा-लिंबाचे १२०, पाण्याच्या तीन बाटल्यांचे १२०. झाले २,७००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४८६. एकूण ३,१८६. पाटीवरच्या दराने सहा थाळ्यांचे दीड हजार झाले असते.

करणावळीचं विचारलं तर मालक म्हणाला, सगळीकडे घेतात. हे अर्धं खरं आहे. आपण मटण विकत आणून दिलं तर करून देण्याचे पैसे घेतात, गावोगावी रीतच आहे ती. मटण हॉटेलचं असताना नऊशेमध्ये शिजवलेलं मटण येणार, हे कोणीही गृहीत धरतो आणि सगळा डाव त्या गृहीतावर चालतो. पाण्याच्या बाटलीवर मात्र आम्ही वाद घातला नाही. बसून जेवायच्या ठिकाणी छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. मला तो पटत नाही, पण आहे.

जीएसटीवर मात्र तो सापडला. साध्या हॉटेलातल्या जेवणावर नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के कर आहे. १८ टक्के लागतो तो राहण्याच्या खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या बड्या हॉटेलात. इथे खोल्याच नव्हत्या, मागे बाजा होत्या. शिवाय कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, तो त्याने आपल्या खिशातून भरायचा असतो. कागदावर जीएसटी नंबर नव्हता. मागितल्यावर त्याने पेनाने लिहून दिला, १५ अक्षरांचा, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७. सगळं कसं शिस्तीत. मेहुण्याने तिथेच मोबाईलवर जीएसटीच्या पोर्टलला तो टाकला. निघालं सिमेंट-सळईचं दुकान, नोंदणी रद्द झालेलं.

स्क्रीन दाखवल्यावर मालकाचा सूर बदलला. 'पोरानं चुकून लावलं', चहा सांगू का, देवाला निघालाय तर वाद कशाला. त्याने ४८६ खोडले, मग मसाला-तेलाचे २५० आणि रश्श्याचे १८०. करणावळ काही सोडेना. २,२७० वर आला आणि तिथे अडला. गाडीत दोन लहान मुलं रडत होती, पैसे दिले. क्यूआर कोड स्कॅन केला तर हॉटेलचं नाव नाही, भलत्याच माणसाचं वैयक्तिक नाव. तो कागद, पाटीचा फोटो आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवला, कारण त्याशिवाय तक्रारीला धरायला काही उरत नाही.

काउंटरवर 'सोलापुरी शेंगा चटणी'ची पाकिटंही होती. ना वजन, ना तारीख, ना बनवणाऱ्याचा पत्ता. बायकोने एक फोडायला लावलं. कांडलेली चटणी बोटात दाबली की तेल सुटतं, गोळा होतो. ही भुरभुर उडाली, निम्मं डाळं होतं. ती तरी आम्ही घेतली नाही. चटणी शहरात जाऊन, समोर चव बघून घेतली.

घरी आल्यावर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. वजनाचं प्रकरण वैधमापन खात्याकडे जातं, बिलावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक नसल्याचं अन्न आणि औषध प्रशासनाकडे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून तिकडेही जाणार आहे. मेहुणा म्हणतो, हजाराभरासाठी एवढी उठाठेव कशाला. आत्या मात्र साक्षीला यायला तयार आहे.