कन्सोल की पीसी? साडेदहा ते साडेअकराचा हिशेब

साठ-सत्तर हजार रुपये बाजूला ठेवलेत आणि कन्सोल घ्यावा की पीसी बांधावा हे ठरत नाहीये, अशी माणसं माझ्या ओळखीत दर दिवाळीच्या आसपास निघतातच. टेराफ्लॉप्स, फोर-के वगैरे त्यांना पाठ असतं, म्हणून त्यात शिरत नाही. मी मूळचा पीसीवाला. सायबर कॅफेत रांगेत बसून काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या, मित्राकडून सीडी आणून ‘व्हाइस सिटी’ टाकलेल्या पिढीतला. आज माझ्या टेबलावर एकाच मॉनिटरला पीसीही जोडलेला आहे आणि पीएस5 (सोनीचा प्लेस्टेशन 5 कन्सोल) ही. दोघांचंही मीठ खाल्लंय. तरी रात्री हात कुठल्या बटणाकडे जातो, ते पुढे कळेलच.

पैशाचं आधी उरकू. भारतात पीएस5 आला 2 फेब्रुवारी 2021 ला. डिस्कवाला 49,990 ला, डिजिटल (ज्यात डिस्क घालताच येत नाही) 39,990 ला. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. या पिढीत उलटं झालं, नोव्हेंबर 2022 मध्ये दोन्हींची किंमत पाच हजारांनी वाढली. म्हणजे ‘थांबू या, उतरेल’ हा सल्ला आता फारसा चालत नाही. पीसीचं तर विचारूच नका. 2021 मध्ये ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोवाल्यांनी आभासी नाणी काढायला उचलली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने नाणी काढायची पद्धत बदलली आणि तो धंदा बसला, तोवर लोकांनी कार्डाची वाट बघत दोन दिवाळ्या काढल्या. मग 2025 संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि डीडीआर5 रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. पीसी बांधणाऱ्याची चढाओढ नेहमी अशा गिऱ्हाइकाशी असते, ज्याला गेम खेळायचाच नसतो.

पीसीचा एक मोठा फायदा मात्र कुठल्या तक्त्यात लिहिलेला नसतो. तो घरात मंजूर होतो. ‘मुलांच्या अभ्यासाला, माझ्या कामाला’ असं म्हणता येतं, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कोटेशनमधली ग्राफिक्स कार्डाची ओळ सहसा कोणी वाचत नाही. (वाचलीच तर किंमत बघून काय होतं, तो भाग वेगळा.) कन्सोलला असा आडोसा नाही. तो खेळणं म्हणूनच उंबऱ्याच्या आत येतो. पण पीसी घरचा झाला की सगळ्यांचा होतो, हेही लक्षात ठेवा. वीजबिल, आधारची प्रिंट, भाचीचं प्रोजेक्ट, ‘अरे जरा उठतोस का, दोन मिनिटांचं काम आहे’. घरून काम करणाऱ्यांना तर आणखी एक त्रास. दिवसभर ज्या खुर्चीत मीटिंगा केल्या, त्याच खुर्चीत बसून ड्रॅगन मारायचा, आणि ऐन लढाईत कोपऱ्यात ऑफिसचा मेसेज टिंग करून वर येणार.

गेमच्या किमतीत वरवर पाहता पीसी सरळ जिंकतो. कन्सोलवर मोठ्या नव्या गेमचे पाच हजारांच्या आसपास पडतात. पीसीवर तोच गेम बऱ्याचदा हजारभराने कमी. स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानाने नोव्हेंबर 2015 पासून रुपयांत भाव लावले आणि तेव्हापासून उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये खरेदी करून न खेळलेल्या गेमांचा ढीग घरोघरी साठला आहे. शिवाय एपिक या दुसऱ्या दुकानात दर गुरुवारी फुकट गेम. (पुण्यात गुरुवार हा वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचाही वार. दिवसा वीज जाते, रात्री गेम येतो.) ऑनलाइन खेळायला पीसीवर वेगळे पैसे नाहीत; कन्सोलवर विकतच्या गेमांसाठी वर्गणी भरावी लागते, फोर्टनाइटसारखे फुकटचे गेम सोडून.

पण कन्सोलकडे डिस्क आहे, आणि आपल्याकडे डिस्कचा बाजार जिवंत आहे. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घ्यावीत आणि वर्ष संपलं की परत विकावीत, तसं ते चालतं. नवा गेम घ्यायचा, महिन्याभरात संपवायचा, मागणी आहे तोवर विकून टाकायचा. निम्म्याहून अधिक पैसे परत येतात असा माझा अनुभव आहे; कुठला गेम आणि किती लवकर विकला यावर ते अवलंबून. डिजिटल मॉडेलवर सुरुवातीला काही हजार वाचतात, पण हा दरवाजा बंद होतो आणि मग सोनीचं ऑनलाइन दुकान सांगेल त्या भावाने घ्यायचं. कन्सोल घेणार असाल तर डिस्कवाला घ्या, यात मी फारशी तडजोड करणार नाही.

तुम्ही काउंटर-स्ट्राइक 2, डोटा 2 यांतले असाल, किंवा सैन्य हलवायचे, शहरं वसवायचे गेम आवडत असतील, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पीसी घ्या. तिथे माउसला पर्याय नाही. जुन्या गेमांवर जीव असेल तरीही पीसीच. 1999 चा ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ आजही लोक तितक्याच हिरिरीने खेळतात. आणि पीएस5 मध्ये पीएस4 चे गेम चालतात, पण पीएस3 ची डिस्क घातली तर ती नुसती आत जाते आणि बाहेर येते.

आता ज्या एका गोष्टीने माझं ठरलं, तिच्याकडे येतो.

नोकरी, प्रवास, जेवणं, मुलीची झोप हे सगळं आटोपून मला खेळायला वेळ मिळतो तो साधारण साडेदहा ते साडेअकरा. एक तास. आठवड्यातून तीन-चार वेळा, तोही सुट्टीत पाहुणे नसतील तर. हा तास पीसी कसा खातो, ते एकदा शांतपणे बघा. मशीन सुरू केलं की आधी दुकानाचं ॲप स्वतःला अपडेट करतं. मग गेमचं अपडेट. काही गेम एका दुकानातून घेतलेले असले तरी आत शिरताना दुसऱ्याच कंपनीचं ॲप उघडतात, तिथे परत लॉगिन, परत ओटीपी. हे सगळं पार पडलं की काळ्या पडद्यावर एक पट्टी: ‘शेडर तयार होत आहेत, 34 टक्के.’ पंखे घोंगावतात, खोली तापते आणि आपण पट्टीकडे बघत बसतो.

यात कुणाचा आळशीपणा नाही, हेही सांगायला हवं. प्रत्येक पीएस5 मध्ये तीच चिप असते. शेडर म्हणजे प्रकाश, पाणी, धूर कसा दिसावा याच्या सूचना; त्या चिपला समजतील अशा स्वरूपात त्या गेम बनवणारेच करून ठेवतात आणि गेमसोबत देतात. पीसीत कोणाचं कुठलं कार्ड आणि ते चालवणारं कुठलं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर), याचा नेम नाही. त्यामुळे ते काम तुमच्या मशीनवर, तुमच्या वेळात होतं. ड्रायव्हर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. मार्च 2023 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 1’ पीसीवर आला तेव्हा यावरूनच मोठा गदारोळ झाला होता. स्टीमवर पैसे परत हवे असतील तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असावं लागतं. आणि ती पट्टी भरण्यात गेलेला वेळही ‘खेळलेला’ म्हणूनच मोजला जात होता.

माझ्यापुरता कडेलोट झाला तो एका शूटिंगच्या गेमपायी. चीटिंग रोखायला म्हणून तो सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाच सॉफ्टवेअर खरं आहे का हे तपासणारी सोय) चालू असल्याशिवाय उघडतच नाही. आजकाल हे नवं नाही, ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या बॅटलफिल्ड 6 लाही पीसीवर ते लागतंच. माझं विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं. म्हणजे आधी डिस्कची मांडणी बदला, त्याआधी बॅकअप घ्या, मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन तो पर्याय शोधा. मदरबोर्ड कंपन्या तो पर्याय कुठल्या नावाने कुठल्या पानावर ठेवतील, याचा भरवसा नाही. बायोसच्या निळ्या पडद्यात मोबाइलवरचा व्हिडिओ बघत बघत मी बाण दाबत होतो, तेव्हा मित्र हेडफोनमध्ये विचारत होते, ‘आलास का रे?’ गेम सुरू झाला तेव्हा त्यांची झोपायची वेळ झाली होती.

आणि सगळं सुरळीत चाललं तरी एक खोड राहतेच. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम्सचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा चालू केला की नजर तिकडेच. 71, 68, 59... 59 का? मग सावल्या एक पायरी कमी, परावर्तनं बंद, गेम पुन्हा सुरू. काही जणांना यातच खरी मजा येते आणि ती मजा मी समजू शकतो. मशीन जुळवणं हा स्वतंत्र छंद आहे. फक्त तो आणि गेम खेळणं, दोन्ही एका तासात बसत नाहीत.

कन्सोलवर काय होतं? कंट्रोलरच्या मधलं बटण दाबतो. मॉनिटर जागा होतो आणि काल जिथे सोडलं होतं तिथेच, त्याच पुलावर, आपला माणूस उभा. अपडेट रेस्ट मोडमध्ये, म्हणजे कन्सोल झोपलेला असताना, पहाटे कधीतरी उतरलेलं असतं. हेडफोनची वायर कंट्रोलरलाच लागते, त्यामुळे घर झोपलेलं राहतं. साडेअकराला पुन्हा बटण, पुन्हा झोप, ना सेव्ह शोधायचं ना मेनूतून बाहेर पडायचं. पीसीलाही स्लीप आहे, हे मान्य. पण माझ्याकडे त्यातून उठल्यावर निम्मे गेम काळा पडदा दाखवतात. माझ्याच मशीनचं नशीब असेल कदाचित. तुमचा शहाणा असू शकतो.

वीज गेली की मात्र कन्सोलची ही चैन संपते. रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली तर पुढच्या वेळी ‘मशीन नीट बंद केलं नव्हतं’ अशी कानउघाडणी होते आणि शेवटच्या सेव्हपासून सुरू करावं लागतं. वळवाच्या दिवसांत हे ठरलेलंच. पण पीएस5 खेळताना साधारण 200 वॅट घेतो, त्यामुळे माझ्या घरच्या इन्व्हर्टरवर तो पंख्या-दिव्यांसोबत निभावतो. चांगलं कार्ड असलेला पीसी सहज 350-400 च्या घरात जातो आणि त्याला वेगळा यूपीएस बघावा लागतो. विदर्भात राहत असाल तर मे महिन्यात एवढी उष्णता खोलीत सोडायची का, तेही बघा.

कन्सोलचे दोष झाकायचे नाहीत. टीव्ही हॉलमध्ये एकच असेल तर सात ते दहा तो तुमचा नाही, मालिकांचा आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे मॉनिटर. सप्टेंबर 2022 च्या अपडेटपासून पीएस5 1440पी (फुल एचडी आणि फोर-केच्या मधल्या) मॉनिटरवरही नीट दिसतो. कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची काडी काही काळाने बिघडते, हात न लावता माणूस डावीकडे चालू लागतो आणि नव्या कंट्रोलरला सहा हजारांच्या आसपास मोजावे लागतात. शिवाय आपल्या बाजाराचं काही खरं नसतं. पीएस5 प्रो नोव्हेंबर 2024 मध्ये बाहेर आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्याचं वाय-फाय ज्या 6 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतं, त्याला इथे परवानगी नव्हती.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलबद्दल थोडक्यात: त्यांचे स्वतःचे गेम पीसीवर त्याच दिवशी येतात, त्यामुळे पीसी असणाऱ्याला त्यासाठी वेगळा डबा घ्यायचं कारण उरत नाही. सोनीचं तसं नाही. ‘गॉड ऑफ वॉर’ पीएस4 वर एप्रिल 2018 मध्ये आला, पीसीवर जानेवारी 2022 मध्ये. जीटीए 5 कन्सोलवर सप्टेंबर 2013, पीसीवर एप्रिल 2015. जीटीए 6 ची जाहीर झालेली 19 नोव्हेंबर 2026 ही तारीखही कन्सोलचीच आहे. धीर असेल तर थांबण्यात काही वाईट नाही, तोवर गेम दुरुस्तही झालेला असतो आणि स्वस्तही. ज्याला सुट्टीत सलग चार-पाच तास मिळतात, त्याला ती शेडरची पट्टीही फारशी टोचणार नाही. कॉलेजातल्या मुलाने विचारलं तर मी आजही त्याला पीसीच सांगतो.

बाकीच्यांनी जुनी डिस्क घेताना खोक्याच्या वरची पट्टी बघून घ्या: पांढरी असेल तर पीएस5 ची, निळी असेल तर पीएस4 ची. विकणारा ‘दोन्हीवर चालतं’ म्हणेल, ते निळ्याच्या बाबतीत खरं, पांढऱ्याच्या नाही. आणि गेम इन्स्टॉल झाला तरी खेळताना डिस्क आत लागतेच, तेव्हा मित्राला ‘फक्त इन्स्टॉल करून देतो’ म्हणून देऊ नका.