यूकेत भाड्याने द्यायला घर घेताय? स्वतःच्या नावावर की लिमिटेड कंपनीच्या?

आधी एकच बघा, तुमचा पगार २० टक्के टॅक्सच्या बँडमध्ये बसतो का ४० च्या. बाकी सगळं त्यानंतर.

कारण असं की २०२० पासून स्वतःच्या नावावरचं घर भाड्याने दिलं तर मॉर्गेजचं (घराच्या कर्जाचं) व्याज भाड्यातून अजिबात वजा होत नाही, फक्त व्याजाच्या २० टक्के एवढी सूट टॅक्समध्ये मिळते. किरकोळ वाटतं ना? आकडे मांडून बघा. वर्षाचं भाडं १२,००० पाउंड, एजंट, इन्शुरन्स, दुरुस्ती मिळून २,०००, व्याज ७,५००. हातात राहिले २,५००. पण ४० टक्केवाल्याचा टॅक्स लागतो १०,००० वर, म्हणजे ४,०००, त्यातून १,५०० ची सूट काढली तरी २,५०० भरायचेच! वर्षभर भाडेकरूचे फोन घ्या, बॉयलरवाल्याच्या मागे लागा आणि शिल्लक शून्य. तेच घर २० टक्केवाल्याला २,००० ठेवून जातं. शिवाय ते १०,००० तुमच्या उत्पन्नात धरले जातात, त्यामुळे एकूण उत्पन्न ६०,००० ओलांडलं तर चाइल्ड बेनिफिटही (मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता) परत द्यावा लागायला लागतो, लहान मुलं असतील तर हे नक्की तपासा.

कंपनीत पूर्ण व्याज वजा होतं आणि ५०,००० पर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स, म्हणजे वरच्या उदाहरणात फक्त ४७५. पण कंपनीला मॉर्गेजचा रेट बहुतेक वेळा जास्त पडतो, दीड लाखाच्या कर्जावर अर्धा टक्का म्हणजे ७५० गेले, वर अकाउंटंटची फी दरवर्षी. आणि नावात लिमिटेड असलं तरी बँक डायरेक्टरकडून पर्सनल गॅरंटी घेतेच, तेव्हा कर्जातून सुटका वगैरे समजू नका.

खरा प्रश्न पैसे बाहेर काढायचा. डिव्हिडंडवर (कंपनीच्या नफ्यातून तुम्ही घेतलेल्या वाट्यावर) पहिले ५०० सोडले तर एप्रिल २०२६ पासून ४० टक्केवाल्याला ३५.७५ टक्के लागतात. मात्र डिपॉझिट तुम्ही कंपनीला कर्ज म्हणून दिलं असेल तर तेवढी रक्कम हळूहळू परत घेताना टॅक्स नाही, ही सोय फार कामाची आहे, पहिल्या दिवसापासून कागदावर नीट लिहून ठेवा.

स्टॅम्प ड्युटीचा ५ टक्के जादा सरचार्ज इंग्लंडमध्ये कंपनीला लागतोच, आणि तुमचं आधीच एक घर असेल तर स्वतःच्या नावावर घेतानाही. विकताना स्वतःच्या नावावर असेल तर नफ्यातून ३,००० ची सूट आणि मग उरलेल्या नफ्यावर १८ किंवा २४ टक्के, कंपनीला ती सूट नाही.

माझं मत सांगायचं तर ४० टक्क्यांत असाल, भाड्याचे पैसे घरखर्चाला नको असतील आणि पुढे अजून दोन-तीन घरं घ्यायची असतील तरच कंपनी. एकच घर घेऊन थांबणार असाल तर त्या कागदपत्रांचा व्याप करू नका. आधी स्वतःच्या नावावर घेऊ, मग कंपनीत टाकू असं तर अजिबात नको, तिथे बाजारभावाने विक्री धरतात, म्हणजे तुम्हाला कॅपिटल गेन्स (विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स) आणि कंपनीला परत स्टॅम्प ड्युटी.

एप्रिल २०२७ पासून वैयक्तिक भाड्याच्या उत्पन्नाचे दर २२, ४२ आणि ४७ टक्के होणार असं २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालंय, व्याजाची सूटही २२ होईल, तेव्हा हिशोब त्या दरांनी पण करून बघा. आणि नवरा-बायकोपैकी एकजण २० टक्क्यांत असेल तर कंपनी काढण्याआधी जोडीदाराच्या नावावर जास्त हिस्सा ठेवण्याबद्दल अकाउंटंटला विचारा, त्यासाठी ट्रस्ट डीड (कोणाचा किती हिस्सा हे लिहिलेला कागद) आणि फॉर्म १७ (तो हिस्सा टॅक्स ऑफिसला कळवायचा फॉर्म) लागतो.