क्यूजीआयएसमधून थरांची पीडीएफ: बागेच्या नकाशासाठी केलेला वापर

रत्नागिरी तालुक्यातील हापूसच्या बागांचे नकाशे काढून देताना एकच नकाशा तीन-चार जणांच्या हाती जातो आणि प्रत्येकाला त्यात वेगळे काही पाहायचे असते. बागायतदाराला कलमांच्या ओळी हव्या असतात, ठिबक बसवणाऱ्याला विहिरीपासूनची पाइपलाइन हवी असते आणि हिस्सेदारांना गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, नेमका कुठून जातो तेवढेच हवे असते. पूर्वी मी प्रत्येकासाठी स्वतंत्र फाइल करीत असे. मग एकीत दुरुस्ती झाली की बाकीच्या जुन्याच राहत. दोन हंगामांपासून क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधून मी थर, म्हणजे हवे तेव्हा दाखवता-लपवता येणारे लेअर, असलेली एकच पीडीएफ देतो आणि या कामासाठी मला ते मनापासून आवडले आहे.

थरांची सोय पीडीएफमध्ये 2003 साली, 1.5 या आवृत्तीपासून आली. क्यूजीआयएसने आपल्या नकाशांसाठी ती 2019 साली 3.10 आवृत्तीत दिली. प्रिंट लेआउटमधून पीडीएफ काढताना जिओपीडीएफच्या, म्हणजे जागेची माहिती सोबत ठेवणाऱ्या पीडीएफच्या, पर्यायावर खूण केली की कलमे, विहीर, पायवाट, हद्द हे सारे फाइलमध्ये वेगवेगळे राहते आणि फाइल उघडताच कोणता थर दिसावा हेही तिथेच ठरवता येते. ही शेवटची सोय दिसायला लहान आहे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मोबाइलवरील अनेक पीडीएफ ॲपमध्ये थरांची यादीच नसते. एकदा मी पाइपलाइनचा थर मिटलेला ठेवून फाइल पाठवली, ठिबकवाल्याने ती फोनवर उघडली आणि नकाशात पाइपच नाही म्हणून तो अर्धा दिवस बागेत थांबून राहिला. त्या दिवसापासून कामाचा थर मी उघडाच ठेवतो. संगणकावर मात्र ॲक्रोबॅट रीडर किंवा फायरफॉक्समध्ये बाजूच्या पट्टीतून थर उघडता-मिटता येतात.

मराठी नावांसाठी अक्षरे बाह्यरेषांच्या रूपात, म्हणजे मजकुराऐवजी नुसते आकार म्हणून, निर्यात करावीत. जोडाक्षरे शाबूत राहतात, पण मग फाइलमध्ये ती नावे शोधता येत नाहीत. मला हा सौदा मान्य आहे.

तयार पीडीएफमधील थरांना नवी नावे देणे, ते एकत्र करणे किंवा छपाईत वगळणे ही कामे क्यूजीआयएसची नव्हेत. त्यासाठी वर्गणीचे ॲक्रोबॅट प्रो आहे आणि तिथे हे नीट होते. प्रत्येक थर नेहमी छापावा, कधीच छापू नये की दिसत असेल तरच छापावा, असे त्यात ठरवता येते.

मिटलेला थर फाइलमधून जात नाही, हे हद्दीचे काम करणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. भावकीत वाद असलेली रेघ नुसती मिटवून नकाशा पाठवला, तर समोरचा ती दोन क्लिकांत उघडतो. ॲक्रोबॅट प्रोमध्ये थर सपाट केले, म्हणजे सारे मिळून एकच केले, की त्या क्षणी न दिसणारा मजकूर गळून पडतो, पण ते परत फिरवता येत नाही, म्हणून मूळ फाइल आधी वेगळ्या नावाने जपावी लागते. मी स्वतः तो मार्ग घेत नाही. क्यूजीआयएसमध्ये तो थर काढून नवी पीडीएफ बनवतो, कारण त्याला एक मिनिटही लागत नाही.