अनुदानित की विनाअनुदानित? गोव्यात शिक्षकाची नोकरी स्वीकारण्यापूर्वी

बी.एड. झालेल्या उमेदवाराच्या हाती एक नियुक्तीपत्र अनुदानित शाळेचे आणि दुसरे विनाअनुदानित शाळेचे असेल, तर त्याची नजर आधी महिन्याच्या आकड्यावर जाते. माझे स्पष्ट मत असे की, आकड्याच्या आधी नेमणूक कायम आहे की कंत्राटी, ते वाचावे.

गोव्यातील बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या असल्या तरी अनुदानित आहेत, आणि तेथे मंजूर पदावरील कायम शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी लागू होते. या आयोगाच्या तक्त्यातील स्तर ६ उदाहरणादाखल घेतला, तर ३५,४०० रुपयांचे मूळ वेतन दरवर्षीच्या सुमारे ३ टक्के वाढीने दहा वेतनवाढींनंतर ४७,६०० रुपये होते, आणि महागाई भत्ता व घरभाडे भत्ता त्यावर वेगळा मिळतो. विनाअनुदानित शाळेत बहुधा एकगठ्ठा पगार ठरतो आणि पुढची वाढ फीच्या उत्पन्नावर व व्यवस्थापनाच्या निर्णयावर राहते. सुरुवातीला किरकोळ वाटणारा फरक दहा वर्षांत मोठा होतो, तो यामुळे.

मात्र शाळा अनुदानित आहे एवढ्यावर विसंबू नये. त्याच शिक्षककक्षात कायम शिक्षकाशेजारी तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळणारा, शिक्षकही बसतो, आणि त्याला वेतनवाढ व सुट्टीतला पगार मिळेलच असे नाही. पद मंजूर आहे का, शिक्षण खात्याची मान्यता मिळाली आहे का आणि वर्गांचा पट टिकून आहे का, हे रुजू होण्यापूर्वीच विचारावे, कारण पट घटून तुकडी बंद पडली की पदही धोक्यात येते.

निवृत्तिवेतनाबाबत, ठरावीक पेन्शन मिळणाऱ्या जुन्या शिक्षकांकडे पाहून अपेक्षा बांधू नयेत. गोव्यात ऑगस्ट २००५ नंतर रुजू झालेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली, आणि तीत मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम शिक्षकाच्या पगारातून कापली जाते.

विनाअनुदानित शिक्षकाचेही कायदेशीर हक्क आहेत, पण अनेकांना ते ठाऊक नसतात, याचे मला वाईट वाटते. खाजगी शाळांतील शिक्षकांच्या ग्रॅच्युइटीवर, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेच्या हक्कावर, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. ३०,००० रुपयांच्या अखेरच्या पगारावर दहा वर्षांच्या सेवेचे, दर वर्षामागे १५ दिवसांप्रमाणे, सुमारे १ लाख ७३ हजार रुपये होतात. पात्र शिक्षिकेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते.

टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) प्रश्नही लांबणीवर टाकू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळा वगळता पहिली ते आठवीच्या शिक्षकांची बढतीही या परीक्षेशी जोडली गेली आहे.

कायम व मान्यताप्राप्त पद मिळत असेल, तर ते सत्तरी तालुक्याच्या टोकाला असले तरी मी तेच घेण्यास सांगेन. पण अनुदानित शाळेतील जागा वर्षागणिक नूतनीकरणाची असेल आणि म्हापशा-मडगावातील खाजगी शाळा भविष्यनिर्वाह निधी, बारा महिन्यांचा पगार व वार्षिक वाढ लेखी देत असेल, तर मी खाजगी शाळेचे नियुक्तीपत्र निवडेन.